मेंदूज्वर, 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' आणि टॉनिकची बाटली

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

कळंब तालुक्यातली एक आई सव्वा वर्षाच्या मुलाला घेऊन आली होती. दोन महिन्यांपूर्वी मुलाला मेंदूज्वर झाला होता. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात बारा दिवस काढून, देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने मूल वाचलं होतं. आईने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्याच्यात अँटिऑक्सिडंट हायेत म्हनं. मेंदूवरली सूज उतरती का ह्यानं? महिन्याला दोन बाटल्या लागत्यात."

बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून संरक्षण'. मी ती वाचत होतो तेव्हा बाहेर कुणीतरी दार जोरात आपटलं. मी दचकलो, आई दचकली. मूल मात्र हातातल्या खुळखुळ्याशी खेळतच राहिलं. त्याने मान वळवली नाही.

डिस्चार्ज कार्ड पाहिलं. औषधांची यादी होती, टॉनिकचं नाव होतं. कानाची तपासणी करा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आजचा लेख त्या बाटलीबद्दल आहे, आणि त्या न लिहिलेल्या ओळीबद्दलही.

शब्द खोटा नाही

आधी एक कबूल करतो. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा काही जाहिरातवाल्यांनी शोधलेला शब्द नाही. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात मुलाच्या मेंदूचं नुकसान कसं होतं, हे समजून घ्यायचं तर हा शब्द टाळता येत नाही. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आपल्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती पातळ आवरणं असतात. त्या आवरणांच्या मधे स्वच्छ पाणी खेळत असतं. या आवरणांना जंतूंमुळे सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. आपल्याकडे 'मेंदूज्वर' किंवा 'ताप डोक्यात गेला' असं म्हणतात. विषाणूंमुळेही मेंदूला सूज येते, तो वेगळा आजार आहे. आज आपण जिवाणूंच्या मेंदूज्वराबद्दल बोलतोय.

लहान मुलांमध्ये तो करणारे मुख्य जंतू तीन: न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस. नवजात बाळांत ई. कोलाय, क्लेबसिएला असे वेगळे जंतू असतात. न्यूमोकोकस तर अनेक निरोगी मुलांच्या नाकाघशात गुपचूप राहत असतो. एखाद्या मुलात तो रक्तात उतरतो, तिथून मेंदूच्या पाण्यात शिरतो. त्या पाण्यात एरवी संरक्षक पेशी जवळपास नसतात. जंतूंना रान मोकळं मिळतं आणि ते भराभर वाढतात.

मग शरीर जागं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजारोंनी त्या पाण्यात धावून येतात. जंतू मारायला त्या जी शस्त्रं वापरतात ती म्हणजे ऑक्सिजनपासून तयार झालेली जहाल रसायनं: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड (जखमेवर टाकल्यावर फसफसतं तेच), आणि ब्लीचिंगच्या जातीचं एक आम्ल. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट नावाचं आणखी घातक रसायन बनतं. गंमत म्हणजे न्यूमोकोकस स्वतःही हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो.

ही रसायनं जंतू आणि आपली पेशी यांत भेद करत नाहीत. मेंदू म्हणजे बराचसा चरबीचा अवयव, आणि चरबीला ही रसायनं लवकर खराब करतात, तेल खवट व्हावं तसं. शिवाय मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्यामुळे या माऱ्यात सगळ्यात जास्त होरपळतो तोच.

उसाच्या फडात रानडुक्कर शिरलं म्हणून कुणी पाचट पेटवून द्यावं, असं हे आहे. डुक्कर पळेल किंवा मरेल, पण ऊसही जळेल. जिवाणूंच्या मेंदूज्वरात नुकसान जंतू करतातच. त्यांना मारण्यासाठी शरीराने लावलेली आगही तितकंच नुकसान करते. रक्त आणि मेंदू यांच्यातली चाळणी ढिली पडते, पाणी आत झिरपतं, मेंदू सुजतो, डोक्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. स्मरणशक्तीशी संबंधित भागातल्या पेशी मरतात. हीच सूज आतल्या कानापर्यंत पोचते आणि ऐकू येण्याच्या नाजूक पेशी कायमच्या जातात. त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

भारतातल्या आणि बाहेरच्या रुग्णालयांत अशा मुलांच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात या 'खवटपणाच्या' खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्या वाढलेल्या आढळतात. म्हणजे बाटलीवरचा शब्द खरा आहे.

मग बाटली का नको?

कारण आजार समजणं आणि आजारावर औषध सापडणं, यात मोठं अंतर असतं.

उंदरांवरच्या प्रयोगांत काही अँटिऑक्सिडंट औषधं, उदाहरणार्थ एन-ॲसिटिलसिस्टीन, दिल्यावर मेंदूचं आणि कानाचं नुकसान कमी झालेलं दिसलं आहे. ही आशेची गोष्ट आहे आणि हे संशोधन चालूच राहायला हवं. पण मेंदूज्वर झालेल्या मुलांना अँटिऑक्सिडंट देऊन त्यांचा जीव किंवा कान वाचतो, असं माणसांवरच्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. त्यातही प्रयोगात औषध दिलं गेलं ते आजाराच्या भरात, मोजून मापून. दोन महिन्यांनी, आग विझून राख झाल्यावर चमच्याने पाजलेल्या सिरपचा त्या प्रयोगाशी काही संबंध नाही.

माझा आवळ्याला, शेवग्याला, जांभळाला विरोध नाही. मुलांना ते जरूर खायला द्या. विरोध आहे तो आईच्या आशेवर लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीला. महिन्याला दोन बाटल्यांच्या पैशात धाराशिवहून सोलापूरला जाऊन मुलाची कानाची तपासणी होऊन आली असती. बाटलीने औषध म्हणून काही केलं नाही, पण 'उपचार चालू आहेत' असं वाटायला लावून दोन महिने खाल्ले. माझ्या मते तिचं खरं नुकसान हेच.

आग कमी करायचे सिद्ध मार्ग

आग कमी करण्याचा एक उपाय जगभर तपासला गेला आहे: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडचं इंजेक्शन. अँटिबायोटिकने जंतू फुटतात तेव्हा त्यांच्या भिंतींचे तुकडे पाण्यात सांडतात आणि आग क्षणभर आणखी भडकते. म्हणून हे इंजेक्शन अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच द्यावं लागतं. उशिरा दिलं तर उपयोग घटतो.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या आणि १९९१ मध्ये कोस्टा रिकातल्या अभ्यासांत मुलांना त्याचा फायदा दिसला, विशेषतः बहिरेपण कमी झालं. पण २००२ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशात सुमारे ६०० मुलांवर झालेल्या अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. स्टेरॉइड मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत जवळपास ३१ टक्के मुलं दगावली.

औषध तेच, मग निकाल वेगळा का? मलावीतली मुलं बऱ्याचदा उशिरा आणि कुपोषित अवस्थेत आली होती, अनेकांना एचआयव्हीची लागण होती, जंतूही वेगळ्या प्रमाणात होते. नेमकं कारण कोणतं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मराठवाड्यात काम करणारा डॉक्टर म्हणून मी त्यातून एक धडा घेतो. उत्तम औषधसुद्धा उशिरा आलेल्या मुलाच्या बाजूने उभं राहीलच असं नाही. आपल्या जिल्ह्याने स्वतःला विचारावं, की आपली मुलं दवाखान्यात कोस्टा रिकासारखी पोचतात की मलावीसारखी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या सहा जणांपैकी साधारण एक दगावतो आणि पाचांपैकी एकाला गंभीर, दीर्घकाळ टिकणारं अपंगत्व येतं. हे आकडे बदलायचे असतील तर माझ्या मते आपल्याकडे चार गोष्टी करायला हव्यात. त्यातली एकही बाटलीत मिळत नाही.

पहिली गोष्ट: लस, आणि ऊसतोडीचं वेळापत्रक

लागणच झाली नाही तर आग लागण्याचा प्रश्नच नाही. हिबची लस पेंटाव्हॅलेंटमध्ये असते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. न्यूमोकोकसची पीसीव्ही लस २०२१ मध्ये देशभरच्या सरकारी लसीकरणात आली: दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. दोन्ही सरकारी केंद्रात फुकट. जन्मताच दिली जाणारी बीसीजी क्षयाच्या मेंदूज्वरापासून बऱ्याच अंशी वाचवते.

आता आपल्या भूम, वाशी, कळंबकडचं कॅलेंडर बघा. दसरा झाला की कोयते घेऊन कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. सप्टेंबरच्या मध्याला जन्मलेल्या बाळाचे डोस येतात ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरअखेर. त्या वेळी बाळ असतं फडावरच्या कोपीत. गावातली आशाताई रिकाम्या घराला कुलूप बघून परत जाते. आणि जिथे बाळ आहे, तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक दादा-ताईला सांगणं आहे. उचल घेताना जसा हिशेबाचा कागद जपता, तसं लसीचं कार्ड सोबत न्या. लस देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, गाव विचारलं जात नाही. डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला पुढे देतात. पण पेंटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस सरकारी कार्यक्रमात वर्षाच्या आतच सुरू व्हावा लागतो. आणि आरोग्य विभागाला सांगणं असं: कारखान्यांच्या तळावर ठरलेल्या वाराला लसीकरण सत्र ही मेहेरबानी नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपला जिल्हा २०१८ पासून आहे. ती आकांक्षा फडावरच्या बाळापर्यंत पोचायला हवी.

दुसरी गोष्ट: पहिलं इंजेक्शन निघण्याआधी

परंड्याहून मुलाला बार्शीला हलवतात, उमरग्याहून सोलापूर किंवा लातूरला, तुळजापूरहून सोलापूरला. गाडी ठरवणं, पैसे जमवणं, रस्ता, मग तिथली नोंदणी यात तीन-चार तास सहज जातात. त्या तीन-चार तासांत जंतू वाढत असतात आणि आगही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. मेंदूज्वराची दाट शंका असलेल्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवताना अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊनच पाठवावं. हे माझ्या पदरचं नाही. गंभीर तापाच्या मुलाला पहिला डोस देऊन, साखर कमी होऊ नये याची काळजी घेऊन पाठवा, असं बालआजारांच्या सरकारी मार्गदर्शनात आहेच. ते प्रत्येक वेळी पाळलं जात नाही, हे आम्ही डॉक्टरांनी मान्य केलं पाहिजे.

यावर आमच्यातलेच काही म्हणतात, "आधी अँटिबायोटिक दिलं तर पाठीतल्या पाण्यात जंतू सापडत नाही, मग नेमकं निदान कसं करणार?" मुद्दा बरोबर आहे. जिथे पाणी तपासायची सोय आहे तिथे आधी पाणी, लगेच औषध, हाच क्रम चांगला. पण जिथे सोयच नाही, तिथे तीन तास औषध रोखून निदान चांगलं होणार असेल तर ते कुणाच्या कामाचं? एका डोसनंतरही त्या पाण्यातल्या पेशी, साखर आणि प्रथिनं बरंच काही सांगून जातात. जमलं तर डोसच्या आधी रक्ताचा नमुना घ्यावा. आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा, वेळ स्पष्ट लिहावी.

पालकांसाठी याचीच दुसरी बाजू: मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक सिरप दोन दिवस पाजून, बरं वाटलं नाही की तिसऱ्या दिवशी दवाखाना, असं करू नका. अर्धवट औषधाने लक्षणं झाकली जातात, आजार आत चालूच राहतो. दिलं असेल तर लपवू नका. बाटली सोबत आणा, कुणी रागावणार नाही.

तिसरी गोष्ट: पाठीतल्या पाण्याची भीती

"पाठीतून पाणी काढलं की लेकरू लुळं पडतं." हे वाक्य मी आजोबांकडून ऐकलं, शिकलेल्या वडिलांकडूनही ऐकलं. ही भीती मूर्खपणाची नाही. लोकांनी अशी मुलं पाहिलेली असतात, ज्यांचं पाणी काढलं आणि जी नंतर दगावली किंवा अपंग झाली. पण ती आजारामुळे तशी झाली. तपासणी गंभीर मुलांचीच होते, म्हणून दोष तपासणीला लागतो.

खरं काय होतं? सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. काही थेंबच, एखाद-दोन मिली पाणी घेतात, आणि शरीर ते सतत नव्याने बनवत असतं. मूल फार गुंगीत असेल, डोक्यातला दाब वाढल्याची चिन्हं असतील किंवा रक्त गोठण्यात अडचण असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात आणि औषध आधी सुरू करतात. त्या पाण्यावरूनच कळतं की आजार जिवाणूचा आहे, विषाणूचा की क्षयाचा. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. सही करायला बोलावलं की घाबरून दवाखाना बदलू नका. शंका विचारा. उत्तर देणं आमचं काम आहे.

चौथी गोष्ट: कान

मेंदूज्वरातून वाचलेल्या प्रत्येक मुलाची कानाची तपासणी दवाखान्यातून सुटण्यापूर्वी, नाहीतर सुटल्यापासून चार आठवड्यांत व्हायला हवी. टाळी वाजवून बघणं पुरेसं नाही, कारण मूल हवेची हालचाल आणि सावली पाहूनही वळतं. लहान मुलांसाठी बेरा नावाची तपासणी असते. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून ऐकण्याचा मार्ग तपासतात, दुखत नाही.

घाई कशासाठी? या आजारानंतर काही मुलांत आतल्या कानाच्या पोकळीत हाड भरू लागतं. ते काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतं. पोकळी भरली की कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं. शिवाय ऐकू न येणारं मूल बोलायला शिकत नाही, आणि घरचे म्हणतात, "ह्याचा बाप पण उशिरा बोलला होता." अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे अशा मुलाची नोंद करा. श्रवणयंत्र आणि इम्प्लांटसाठी सरकारी योजना आहेत, पण त्यांना वयाची मर्यादा आहे.

माझी मागणी साधी आहे. मेंदूज्वराच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर 'कानाची तपासणी: तारीख, ठिकाण' ही ओळ छापलेली असावी. तिला एक रुपयाही खर्च नाही.

केव्हा धावायचं?

ताप आणि त्यासोबत यातलं एकही लक्षण असेल तर सकाळची वाट बघू नका:

- मान ताठ होणं, हनुवटी छातीला न टेकणं
- सतत उलट्या, असह्य डोकेदुखी, उजेड सहन न होणं
- आकडी येणं
- मूल गुंगीत जाणं, हाक मारल्यावर नीट न जागणं, विसंगत बोलणं
- अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके
- तान्ह्या बाळात: दूध न ओढणं, टाळू फुगणं, चिरका एकसुरी रडणं, अंग ढिलं पडणं

दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळात बऱ्याचदा मान ताठ होत नाही, कधी ताप न येता अंग गारही पडतं. 'बाळ नेहमीसारखं नाही' हे आईचं वाक्य मी लक्षण म्हणूनच लिहून घेतो.

आकडी आली तर मुलाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चपलेत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. आणि आजींना माझा निरोप: अंगारा जरूर लावा, पण गाडीत बसल्यावर लावा.

शेवटी

त्या मुलाची बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतंय. सध्या श्रवणयंत्र लावलं आहे, इम्प्लांटसाठी कानाचा स्कॅन झाला आहे, पोकळी अजून मोकळी आहे. म्हणजे अजून वेळ आहे, पण थोडाच.

आईने मला विचारलं, "मग ती बाटली?"

मी म्हणालो, "ताई, ती बंद करा. त्या पैशाचं एसटीचं तिकीट काढा. तपासणीची पुढची तारीख चुकवू नका."

तुमच्या घरात, भावकीत, तांड्यावर मेंदूज्वरातून उठलेलं एखादं मूल असेल, तर आज फक्त एवढं विचारा: त्याचे कान तपासले का?